किती वर्षांची नोंद पुरेशी?

२०२२ सालच्या मार्च महिन्यात मुलांच्या शाळेला वसंत ऋतूची सुटी लागली. संशोधनाच्या कामासाठी त्या वर्षी आमचा मुक्काम अमेरिकेच्या मध्यभागातील एका विद्यापीठात होता. घराबाहेर अजून बर्फाचे ढीग होते. ‘कुठेतरी उन्हात जाऊया’ यावर सर्वांचे एकमत झाले आणि आम्ही चौघांनी देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील वाळवंट गाठले. अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी विमानातून उतरायचे, मोटार भाड्याने घ्यायची, आधी दक्षिणेला टूसान, मग उत्तरेला फ्लॅगस्टाफ, ग्रँड कॅन्यन आणि पेज, शेवटी हूवर धरण पाहून लास व्हेगासहून परतायचे, असा बेत होता.

पाहायची ती स्थळे आम्ही पाहिलीच. पण परतल्यावर लक्षात आले की सगळा प्रवास मुलांच्या दोन प्रश्नांभोवती फिरत होता. ‘हे कशावरून?’ हा धाकट्याचा प्रश्न, आणि ‘हे त्यांना माहीत नव्हतं का?’ हा थोरलीचा. यातल्या दुसऱ्या प्रश्नाला आम्ही दिलेले उत्तर चुकीचे निघाले. ते कसे चुकले आणि त्यातून काय शिकायला मिळाले, ते येथे मांडत आहोत.

वलये नसलेले झाड

टूसानच्या आसपास सावारो नावाच्या निवडुंगांची वने आहेत. वन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येते, त्याच्याशी यांचे काही साम्य नाही. खडकाळ उतारावर, एकमेकांपासून अंतर राखून, हात वर केलेल्या माणसांसारखे उंच हिरवे खांब उभे असतात. खोडावर उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की खोड पाणी शोषून घेते आणि या चुण्या उलगडतात. पाणी संपत आले की त्या पुन्हा मिटतात. वाढ अतिशय मंद असते. पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर उंच होते आणि पहिली फांदी फुटायला पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

धाकट्याने लगेच विचारले, “पण हे कशावरून? याच्या खोडात गोल गोल वलयं असतात का?”

प्रश्न योग्य होता आणि उत्तर ‘नाही’ असे होते. सावारोच्या आत लाकडी बरगड्यांचा सांगाडा असतो, पण दरवर्षी पडणारी वलये नसतात. त्याचे वय उंचीवरून अंदाजाने काढावे लागते. त्यासाठी त्याच परिसरातील अनेक झाडांची वाढ वर्षानुवर्षे मोजलेली असावी लागते. म्हणजे झाडाने नोंद ठेवली नसेल, तर माणसाला ती ठेवावी लागते. माणसाने आधी नोंद ठेवली नसेल, तर मात्र प्रश्न अवघड होतो. अ‍ॅरिझोनात नेमके हेच घडले होते. तेथे हवामानाच्या मोजमापांचा इतिहास फार जुना नव्हता. ही उणीव भरून काढण्याची युक्ती सुचली ती एका खगोलशास्त्रज्ञाला.

मंगळाकडून झाडांकडे

अँड्रू एलिकॉट डग्लस हे १८९४ साली पर्सिव्हल लॉवेल यांच्याबरोबर फ्लॅगस्टाफला आले, ते वेधशाळा उभारण्यासाठी. मंगळावर कालवे आहेत आणि ते बुद्धिमान जीवांनी खणले आहेत, असे लॉवेल यांचे ठाम मत होते. डग्लस यांना त्याविषयी शंका वाटू लागली. त्यांनी ती बोलून दाखवली आणि १९०१ मध्ये त्यांची नोकरी गेली.

डग्लस यांना सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या चक्रात रस होता. या चक्राचा पृथ्वीच्या हवामानावर परिणाम होत असेल का, हे तपासायला शेकडो वर्षांच्या पावसाच्या नोंदी हव्यात. त्या तर कोठेच नव्हत्या. फ्लॅगस्टाफच्या परिसरात मात्र पाँडेरोसा पाइन वृक्षांची मोठी जंगले होती आणि लाकडाच्या वखारी होत्या. कोरड्या प्रदेशात झाडाची वाढ पाण्यावर अवलंबून असणार, म्हणजे भरपूर पाण्याच्या वर्षी वलय रुंद आणि दुष्काळी वर्षी अरुंद पडणार, असा तर्क करून त्यांनी १९०४च्या सुमारास ओंडक्यांची वलये मोजायला सुरुवात केली.

वलय पडते कसे, ते थोडक्यात पाहू. खोडाच्या सालीखाली वाढ करणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. त्याला ऊतिकर म्हणतात. वाढीच्या हंगामाच्या आरंभी या थरातून मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी तयार होतात. त्यांचे लाकूड फिकट दिसते. हंगाम संपत येतो तशा पेशी लहान आणि जाड भिंतींच्या होतात. ते लाकूड गडद दिसते. फिकट आणि गडद पट्टा मिळून एक वर्ष होते.

यात दोन अडचणी आहेत. फारच कोरड्या वर्षी खोडाच्या एखाद्या भागात वलय पडतच नाही. उलट, हंगामाच्या मध्येच पाण्याची ओढ बसून नंतर पाऊस आला, तर एकाच वर्षात दोन वलये असल्याचा भास होतो. त्यामुळे नुसती वलये मोजून खात्रीचे वर्ष मिळत नाही. डग्लस यांचे मोठे काम हे, की त्यांनी एका झाडाचा साक्षीपुरावा दुसऱ्या झाडाशी ताडून पाहण्याची रीत घालून दिली.

वर्गात करून पाहण्याजोगे उदाहरण

ही रीत कागदाच्या दोन पट्ट्यांवर समजावून देता येते. समजा, एक झाड २०२० साली तोडले. त्याचे सर्वांत आतले वलय १९८० सालचे आहे. त्यात १९८७, १९९०, १९९१, १९९६ आणि २००२ या वर्षांची वलये ठळकपणे अरुंद आहेत. आता त्याच परिसरातील एका पडक्या घराची तुळई मिळाली. तिचे झाड केव्हा तोडले ते माहीत नाही. तिच्यात एकूण ३२ वलये आहेत. आतून मोजल्यास ५वे, २१वे, २४वे, २५वे आणि ३०वे वलय अरुंद आहे.

पहिल्या झाडातील अरुंद वर्षांमधली अंतरे काढा: ३, १, ५, ६. तुळईतील अंतरे काढा: १६, ३, १, ५. ‘३, १, ५’ हा क्रम दोन्हींत आहे. म्हणजे तुळईचे २१वे वलय १९८७ सालचे. त्यावरून पहिले वलय १९६७चे आणि शेवटचे १९९८चे ठरते. बाहेरची साल शाबूत असेल तर झाड केव्हा तोडले तेही कळले. शिवाय आपली नोंद १९८० वरून १९६७ पर्यंत मागे गेली, आणि १९७१ हेही कोरडे वर्ष होते हे नव्याने समजले.

खऱ्या कामात तीन अंतरे जुळली म्हणून कोणी समाधान मानत नाही. अनेक झाडे आणि अनेक दशकांचा जुळणारा भाग पाहावा लागतो. मुलांना मुद्दाम एक वलय गाळलेली तिसरी पट्टी द्यावी. चूक कोठे आहे हे ती स्वतःच शोधून काढतात.

हाच खेळ डग्लस यांनी पुरातत्त्वज्ञांच्या मदतीने खेळला. या भागात प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी बांधलेल्या दगडी वस्त्या विखुरलेल्या आहेत. त्यांच्या तुळयांवरून डग्लस यांनी ५८५ वर्षांची एक सलग मालिका जुळवली. मात्र ती आजच्या झाडांच्या मालिकेला जोडता येत नव्हती. म्हणजे अमुक घर तमुक घरापेक्षा किती वर्षांनी जुने ते सांगता येई, पण इसवी सनाचे वर्ष सांगता येत नसे. २२ जून १९२९ रोजी शो लो या गावी एका जुन्या वस्तीच्या अवशेषांत अर्धवट जळालेला एक ओंडका मिळाला. त्याला ‘एचएच-३९’ हा क्रमांक दिला होता. त्याची वलये १२३७ ते १३८० या काळातील निघाली आणि दोन्ही मालिका एकमेकींना जोडल्या गेल्या. एका रात्रीत अनेक वस्त्यांना खरी वर्षे मिळाली आणि नोंद इ.स. ७०० पर्यंत मागे गेली.

१९३७ मध्ये टूसानच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात डग्लस यांनी वृक्षवलयांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन केली. तिला फुटबॉलच्या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली ‘तात्पुरती’ जागा मिळाली होती. स्वतःची इमारत मिळायला २०१३ साल उजाडले! आज नमुन्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी लाकडाची कांडी काढून घेतात. झाड ती जखम भरून काढते.

उतारावरची घरे, कड्यावरचे खडक

फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला वुपाटकी येथे तांबड्या वालुकाश्माच्या भिंती उघड्या माळावर उभ्या आहेत. बाराव्या शतकात येथे शंभरावर खोल्यांची वस्ती होती. आज दृष्टीच्या टप्प्यात ओढादेखील नाही. येथून ईशान्येला, कोलोरॅडो राज्यातील मेसा व्हर्दे येथे, कड्यांच्या कपारींत बांधलेल्या मोठ्या वस्त्या आहेत. तेथील तुळयांची झाडे १२८० सालाच्या आसपासपर्यंत तोडलेली आढळतात, त्यानंतर नाहीत. वलयांमध्ये १२७६ ते १२९९ हा कडक अवर्षणाचा काळ दिसतो.

येथे एक खबरदारी घ्यायला हवी. दुष्काळ पडला आणि लोक नाहीसे झाले, असे सोपे वाक्य जुन्या पुस्तकांत आढळते. ते खरे नाही. स्थलांतराला दुष्काळाबरोबर इतरही कारणे होती. आणि लोक नाहीसे झाले नाहीत. होपी, झूनी आणि इतर प्वेब्लो समाज हे त्यांचेच वंशज असून ते याच प्रदेशात राहतात. ओराइबी या होपी गावात माणसांचा वावर शतकानुशतके अखंड आहे. डग्लस यांनी तेथील घरांच्या तुळयांचेही नमुने घेतले होते.

तेथून पुढे ग्रँड कॅन्यन. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून २१०० मीटर उंचीवर असल्यामुळे वाळवंटात असूनही मार्चमध्ये तेथे बर्फ होते. काठावर उभे राहिले की कोलोरॅडो नदीने कोरलेली सुमारे दीड किलोमीटर खोल दरी समोर येते. आपण उभे असतो तो चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा. तळाशी दिसणारा काळपट खडक सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. पण मधली सर्व वर्षे खडकांत शिल्लक नाहीत. काही थर झिजून गेले आणि त्यांवर नवे थर बसले. काही ठिकाणी एकावर एक टेकलेल्या दोन थरांमध्ये शंभर कोटींहून अधिक वर्षांची तफावत आहे.

धाकटा म्हणाला, “म्हणजे इथेसुद्धा काही वलयं पडलीच नाहीत!” आम्हाला ही तुलना आवडली. नोंद कितीही भव्य असली, तरी तिच्यात काय गळले आहे हे विचारावेच लागते.

पांढरा पट्टा

ग्रँड कॅन्यनहून आम्ही पेजला गेलो. तेथे ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ मध्ये त्यात पाणी साठवायला सुरुवात झाली आणि लेक पॉवेल हा जलाशय प्रथम काठोकाठ भरला तो १९८० मध्ये. आम्ही पाहिले तेव्हा तांबड्या कड्यांवर एक रुंद पांढरा पट्टा होता, जणू चुन्याचा हात फिरवावा तसा. पाण्यातील क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, खडकावर बसून तो तयार होतो. पट्ट्याची वरची कड म्हणजे पूर्वीची पाणीपातळी. तिची उंची समुद्रसपाटीपासून ३७०० फूट. नेमक्या त्याच आठवड्यात पातळी ३५२५ फुटांच्या खाली गेली. जलाशय भरल्यापासून हे प्रथमच घडत होते. ३४९० फुटांखाली वीजनिर्मिती करता येत नाही. म्हणजे ३५ फूटच उरले होते. होड्या पाण्यात उतरवण्यासाठी बांधलेले काही सिमेंटचे उतार पाण्यापर्यंत पोहोचतच नव्हते.

तीन दिवसांनी हूवर धरणावर गेलो. तेथील लेक मीडभोवतीही तसाच पट्टा होता, सुमारे पन्नास मीटर उंचीचा. हे जलाशय किती मोठे आहेत, ते आपल्या मापात सांगायचे तर लेक मीडमध्ये भरलेल्या अवस्थेत सुमारे अकरा कोयना धरणे मावतील.

अशी दोन अवाढव्य धरणे रिकामी का होत होती? ‘दुष्काळामुळे’ हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे समजायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

नदीची वाटणी

कोलोरॅडो नदी रॉकी पर्वतातील बर्फाच्या पाण्यावर वाहते. अमेरिकेतील सात राज्ये आणि मेक्सिको यांना ती पाणी देते. सुमारे चार कोटी लोक आणि २२ लाख हेक्टर शेती तिच्यावर अवलंबून आहे. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी सांता फे येथे या सात राज्यांचा करार झाला. वाटाघाटींचे अध्यक्ष हर्बर्ट हूवर होते. वरच्या खोऱ्यातील चार राज्यांना मिळून दरवर्षी ७५ लाख एकर-फूट आणि खालच्या तिघांना मिळून तेवढेच, अशी वाटणी ठरली. एक एकर जमिनीवर एक फूट उंचीचे पाणी म्हणजे एक एकर-फूट. आपल्याकडे धरणांच्या बातम्यांत ‘टीएमसी’, म्हणजे अब्ज घनफूट, हे माप असते. त्या मापात प्रत्येक वाटा सुमारे ३२७ टीएमसी होतो. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी सुमारे ६५ टीएमसी कबूल झाले. एकूण बोजा सुमारे ७१८ टीएमसी.

नदीत एवढे पाणी आहे, हे कशावरून ठरवले? विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच्या मोजमापांवरून. त्यानुसार वर्षाला सातशे टीएमसीहून अधिक पाणी मिळेल असे दिसत होते. मोजमापे चुकीची नव्हती. पण ती सुमारे दोन दशकांचीच होती, आणि ती दशके नेमकी जास्त पाण्याची निघाली.

हे आम्ही मुलांना पेज येथे धरणाच्या पुलावर उभे राहून सांगितले. थोरलीने विचारले, “आई, एवढ्या थोड्या वर्षांवरून कायमचा करार करू नये, हे त्यांना माहीत नव्हतं का?”

“तेव्हा कसं कळणार?” आम्ही म्हणालो. “झाडांची नोंद तेव्हा कुठे तयार होती?”

उत्तर सुटसुटीत होते आणि आमचे स्वतःचे समाधान करणारेही होते. पूर्वी विज्ञान अपुरे होते, आता ते पुरेसे आहे, असे म्हणायला शास्त्रज्ञांना बरे वाटते. परत आल्यावर मात्र या विषयावरचे वाचन करताना ई. सी. लारू हे नाव समोर आले. ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील जलतज्ज्ञ. १९१६ साली, म्हणजे कराराच्या सहा वर्षे आधी, त्यांनी कोलोरॅडोवरचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. खोऱ्यातील भिजवण्याजोगी सर्व जमीन भिजवण्याइतके पाणी या नदीत नाही, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले होते. १९२० च्या दशकातही ते हेच सांगत राहिले.

आम्ही थोरलीला बोलावून आधीचे उत्तर चुकले असल्याचे सांगितले. तिचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. “मग त्यांचं ऐकलं का नाही?”

नदीत पाणी भरपूर आहे असे धरले, की सर्वांच्या मागण्या मान्य करता येतात आणि करार होतो. आकडा लहान धरला, तर कोणाला तरी ‘नाही’ म्हणावे लागते. वाटाघाटींच्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला मोठा आकडा सोयीचा होता. आणि खोऱ्यातील मूळ रहिवासी समाज, ज्यांच्या पूर्वजांच्या घरांनी दुष्काळाची साक्ष जपली होती, त्यांना त्या टेबलाशी बोलावलेच नव्हते. म्हणजे माहिती नव्हती असे नाही. उपलब्ध माहितीतून सोयीची निवडली गेली.

झाडांची साक्ष

झाडांचा पुरावा पुढे १९७६ मध्ये चार्ल्स स्टॉकटन आणि गॉर्डन जेकोबी यांनी मांडला. येथे विद्यार्थ्यांचा एक गैरसमज होण्याचा संभव आहे. झाडे नदीकाठची नव्हेत. नदीकाठच्या झाडाला दुष्काळातही पाणी मिळते, त्यामुळे त्याची वलये सारखीच पडतात. नमुने घ्यायचे ते नदीपासून दूरच्या, खडकाळ, कोरड्या उतारांवरच्या झाडांचे. हिवाळ्यात डोंगरांवर पडलेले बर्फ त्या झाडांनाही ओल देते आणि वितळून नदीलाही मिळते. दोघांचे कारण एकच, म्हणून झाडांवरून नदीचा अंदाज करता येतो.

हा अंदाज तपासण्याची रीतही सांगण्याजोगी आहे. नदीचा प्रवाह प्रत्यक्ष मोजलेला आहे अशा वर्षांपैकी काही वर्षे घेऊन वलयांची रुंदी आणि प्रवाह यांचे गणिती नाते बसवतात. उरलेली वर्षे बाजूला झाकून ठेवतात. मग त्या नात्यावरून झाकलेल्या वर्षांचा प्रवाह काढतात आणि खऱ्या मोजमापाशी ताडतात. ही परीक्षा पार पडली तरच त्या नात्यावरून जुन्या शतकांत शिरतात. उत्तर तंतोतंत येत नाही, पण ओली आणि कोरडी दशके स्पष्ट दिसतात.

स्टॉकटन आणि जेकोबी यांच्या हिशेबाने नदीचा दीर्घकालीन सरासरी प्रवाह सुमारे ५९० टीएमसी निघाला. विसाव्या शतकाचा आरंभ हा गेल्या साडेचारशे वर्षांतील सर्वांत ओल्या काळांपैकी एक होता. ७१८ मधून ५९० वजा करा. फरक १२८ टीएमसीचा, म्हणजे एका कोयना धरणापेक्षाही मोठा. एवढे पाणी दरवर्षी कागदावर होते, पण नदीत नव्हते. वरच्या राज्यांनी आपला पूर्ण वाटा कधी उचलला नाही आणि मोठ्या धरणांत साठा होता, म्हणून ही तूट बराच काळ झाकून राहिली.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने ही नोंद इ.स. ७६२ पर्यंत मागे नेली. बाराव्या शतकाच्या मध्यास, मोजमापाच्या काळात कधीही अनुभवला नाही असा दीर्घ दुष्काळ त्यात दिसला. आणि आमच्या सहलीच्या आदल्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता: या प्रदेशात २००० ते २०२१ ही बावीस वर्षे इ.स. ८०० पासूनच्या कोणत्याही बावीस वर्षांपेक्षा कोरडी होती. या काळात नदीचा सरासरी प्रवाह सुमारे ५४० टीएमसीपर्यंत उतरला.

यात एक नवी गोष्ट आहे. २०१७ च्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१४ या वर्षांत प्रवाहात जी घट झाली तिचा सुमारे तृतीयांश किंवा त्याहून मोठा भाग निव्वळ वाढलेल्या तापमानामुळे होता. हवा तापली की जमीन आणि झाडे अधिक पाणी बाष्परूपाने गमावतात, आणि तेवढेच बर्फ पडूनही नदीला कमी मिळते. म्हणजे बाराशे वर्षांची नोंद हाती असली, तरी पुढचा काळ तिच्यासारखाच असेल अशी खात्री देता येत नाही. लांब नोंदीमुळे काय काय घडू शकते ते कळते. त्यापेक्षा वाईट घडणार नाही, असे ती सांगत नाही.

आपल्याकडे

आपल्या कृष्णेशी तुलना केली तर कोलोरॅडो लहान नदी आहे. तिचे खोरे कृष्णेच्या खोऱ्याच्या सुमारे अडीच पट आहे, पण पाणी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७३ च्या निवाड्यात वाटणीसाठी सरासरी प्रवाह घेतला नाही. ७८ वर्षांच्या नोंदींवरून, चारपैकी तीन वर्षे तरी नक्की मिळेल असा प्रवाह धरला. तो २०६० टीएमसी. कोलोरॅडोच्या करारापेक्षा ही रीत अधिक सावध होती. तरीही ‘७८ वर्षे पुरेशी का?’ हा प्रश्न विचारणे योग्यच ठरेल.

आपल्याकडेही झाडांची नोंद आहे. आंबा, वड अशा पुष्कळ झाडांत स्पष्ट वलये दिसत नाहीत. साग मात्र कोरड्या ऋतूत पाने गाळतो आणि त्याची वलये नीट दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केरळातील सागाच्या वलयांवरून ५२३ वर्षांची मालिका तयार केली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. मान्सून कमी झालेली वर्षे तिच्यात अरुंद वलयांच्या रूपाने ओळखता येतात.

शाळेला करता येण्याजोग्या दोन गोष्टी सुचवतो. पहिली, जवळच्या लाकडाच्या वखारीतून सागाच्या ओंडक्याची पातळ चकती मागून आणावी, ती पॉलिश कागदाने घासावी आणि भिंगाखाली वलये मोजावीत. दुसरी, आपल्या तालुक्याच्या पावसाचे मिळतील तेवढ्या वर्षांचे आकडे मिळवावेत. एका गटाने कोणत्याही सलग पाच वर्षांची सरासरी काढावी, दुसऱ्याने दहा वर्षांची, तिसऱ्याने तीस वर्षांची. मग प्रत्येक गटाने आपल्या सरासरीवर भरवसा ठेवून गावासाठी एका तळ्याचा आराखडा करावा. कोणाचे तळे किती वेळा कोरडे पडले असते, हे उरलेल्या वर्षांच्या आकड्यांवरून तपासता येईल. गणित, भूगोल आणि विज्ञान या तिन्ही तासांना हा उपक्रम चालतो.

आमच्या घरी आता वर्तमानपत्रातील ‘सरासरीच्या अमुक टक्के पाऊस’ ही बातमी कोणी मोठ्याने वाचली, की धाकटा विचारतो, “सरासरी किती वर्षांची?” आणि थोरली विचारते, “ती वर्षं निवडली कोणी?” हे दोन्ही प्रश्न वर्गातही विचारले जावेत.